संगीताची केस

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, आणि डिपार्टमेंटमधल्या कुणाला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर आत्ताही गप्प बसले असते. एवढी काही मी धीट नाही.

मी नाशिकच्या एका कॉलेजात शिकवायचे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे एक पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, विद्यार्थी कल्याण आणि समुपदेशन. त्याची समन्वयक मी. लोक विचारायचे, हे म्हणजे नक्की काय हो? मी सांगायचे — वर्गात शिकवणारे पुष्कळ असतात, पण मुलगी होस्टेलवर उपाशी झोपली, कुणाचं रॅगिंग झालं, कुणाची शिष्यवृत्ती अडकली, तर तिथं बघणारं कोण? ती माणसं आम्ही तयार करतो. मुलं मात्र त्याला सरळ 'रेक्टरचा कोर्स' म्हणायची. मला राग यायचा त्याचा. एवढ्या मोठ्या विषयाची होस्टेलच्या किल्ल्यांशी सांगड घालतात म्हणजे काय!

मी शिकवायचे छान. हे मीच म्हणतेय, पण म्हणू द्या — पुढे जे यायचंय त्यात माझं कौतुक करावं असं दुसरं काही नाही. केस सांगावी तर मॅडमनीच, असं मुलं म्हणायची. खऱ्या विद्यार्थ्यांच्या अडचणी नाव-गाव बदलून वर्गात मांडायच्या आणि त्यावर चर्चा करायची, ही आमची शिकवण्याची पद्धत. इतर सर त्या कोरड्या वाचून दाखवत. मी रंगवून सांगायचे. थोडा मीठमसाला, कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा — ते मला जमायचं, आणि जमतं हे मला माहीत होतं.

संगीता माझी विद्यार्थिनी. नाव बदललंय. नाव बदललं की झालं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

गिरणाऱ्याकडची मुलगी. घरचा फुलांचा मळा, वडील रोज पहाटे नाशिकच्या बाजारात फुलं आणायचे. ती राहायची कॉलेजच्या होस्टेलवर, शनिवारी घरी जायची आणि सोमवारी पिशवीभर शेवंती घेऊन यायची. सगळ्या वर्गाला वाटायची. मलाही एक फूल मिळायचं, माझ्या टेबलावर ठेवून जायची. फार बोलायची नाही. आपल्याला कुणीतरी या वर्गात चुकून बसवलंय आणि कधीही उठवतील, अशी बसायची.

पहिल्या वर्षी प्रत्येकाला समन्वयकापाशी बसून स्वतःबद्दल बोलावं लागे. दुसऱ्याचं ऐकायचं तर आधी आपलं कुणीतरी ऐकलेलं असावं, हा त्यामागचा विचार. नियम माझाच. तेव्हा संगीतानं मला सांगितलं, की बी.ए.ला असताना, दुसऱ्या एका होस्टेलवर, ती मैत्रिणींच्या वस्तू उचलायची. कंगवा, पावडरचा डबा, एकदा कुणाची तरी ओढणी. वापरलं काहीच नाही. नुसतं आपल्या ट्रंकेत तळाशी ठेवायचं. का, ते तिलाही सांगता येईना. तिथल्या रेक्टरबाईंना ते सापडलं. त्यांनी आरडाओरडा केला नाही, घरी कळवलं नाही. खोलीचं दार लावलं, चहा दिला आणि तासभर तिचं ऐकून घेतलं. वस्तू गुपचूप जागच्या जागी गेल्या आणि तिची ती सवयही गेली. ''मॅडम, मला त्या बाईंसारखं व्हायचंय,'' ती म्हणाली. या कोर्सला ती एवढ्यासाठीच आली होती.

मी तिला म्हटलं, इथं बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही. हे वाक्य मी प्रत्येकाला म्हणायचे.

दुसऱ्या वर्षी मान्यतेसाठी समिती आली. पोरांनी आदल्या दिवशी बाकं पुसली, प्राचार्यांनी स्वतः उपम्याची चव बघितली. मान्यता गेली असती तर कोर्स बंद, आणि मी परत बी.ए.च्या वर्गांवर. समितीचे तिघे माझ्या तासाला मागच्या बाकावर बसले. मी ठरवलेली केस सांगायला घेतली, पण ती रंगेना. मागे एकानं जांभई दिली. जांभई! माझ्या तासाला! — आता सांगतानाही बघा, मला पहिल्यांदा तिचाच राग आठवतो.

मग मी ती केस अर्ध्यात सोडली आणि दुसरी काढली. नाव बदललं. गाव पार जळगावकडचं केलं. कंगवा, ओढणी, ट्रंक, रेक्टरबाईंचा चहा — सगळं सांगितलं. मागची मंडळी सावरून बसली. आणि मला राहवेना. मी म्हटलं, विचार करा, दर सोमवारी मैत्रिणींसाठी घरच्या मळ्यातली फुलं आणणारी ही मुलगी त्याच मैत्रिणींच्या वस्तू उचलते — का?

एवढंच वाक्य नको होतं. केसला त्याची गरज नव्हती. ते सुंदर होतं म्हणून मी घातलं.

तो सोमवार होता. सगळ्या मुलींच्या केसांत शेवंती.  मग पुढच्या बाकावरच्या एकीनं केसातलं फूल हळूच काढून बाकावर ठेवलं. मग तिच्या शेजारणीनं. संगीता माझ्याकडे बघत होती, आणि मी — मी फळ्याकडे वळले आणि मुद्दे लिहायला लागले.

समितीला यातलं काही कळलं नाही. माझ्या तासाचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मान्यता मिळाली.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, बोलण्याच्या ओघात चूक झाली, माणूसच आहे. मीही मनाला हेच सांगत आले. पण मला सांगायचं आहे ते पुढचं आहे.

दुपारी ती केबिनमध्ये आली. रडत नव्हती. कॉलेजात ती नेहमी जपून, पुस्तकी बोलायची, त्या दिवशी मात्र घरची भाषा तोंडात आली. ''मॅडम, ती मीच हाय ना?''

काय म्हणायला हवं होतं? 'हो' म्हणायचं होतं. 'चुकलं माझं' म्हणायचं होतं. मी ते म्हटलं नाही. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली, आवाज मऊ केला आणि म्हणाले, नाही गं. ही फार जुनी केस आहे, मी शिकत होते तेव्हाची. असं होतं बरं का — आपल्या मनात जे दडलेलं असतं तेच आपल्याला दुसऱ्याच्या गोष्टीत दिसतं. तुला का वाटलं ती तू आहेस? यावर आपण बोलूया का?

ती म्हणाली, ''पण फुलं...?''

मी म्हटलं, फुलं काय, जळगावकडेही पिकतात.

 मग तिनं मान हलवली. चुकलं मॅडम, म्हणाली. मला! जे कसब मी मुलांना दुसऱ्याचं दुःख हलकं करायला शिकवत होते, ते मी तिच्यावर चालवलं — आणि ते चाललं. ती उठून गेली तेव्हा मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, हायसंच वाटलं.

वर्गातल्या मुली तिच्यापासून दूर बसायला लागल्या. सोमवारची फुलं बंद झाली. मी बघत होते.

कोर्स संपला तेव्हा एका संस्थेच्या नव्या मुलींच्या होस्टेलसाठी रेक्टर हवी होती. संगीतानं मुलाखत दिली आणि त्यांनी मला फोन करून विचारलं, ही मुलगी कशी आहे? मी चोरीचं सांगितलं नाही. तेवढी लाज होती म्हणायची. मी म्हटलं, गुणी आहे हो, पण हळवी फार. नसलेलं मनाला लावून घेते. मुलींची जबाबदारी इतक्यात नको. ती त्या कामाला लायक होती, आमच्या सगळ्यांपेक्षा लायक होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ती रेक्टर झाली असती तर दर बैठकीला, दर शिबिराला समोर बसली असती. मला ती समोर नको होती. तिची नोकरी मी एवढ्यासाठी घालवली.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी दरवर्षी 'गोपनीयता' हा घटक शिकवला. मुलं म्हणायची, मॅडमचा हा तास चुकवू नये.

पुढे बऱ्याच वर्षांनी सीबीएसच्या बसस्टँडवर मागून कुणीतरी हाक मारली. संगीता! अंगानं भरलेली, सोबत शाळेच्या गणवेशातली मुलगी. वाकून नमस्कार केला. अंबडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे म्हणाली, कामगारांच्या हजेरीचं बघते. बरं चाललंय. मी घड्याळ बघत होते. बस यावी म्हणून देवाला साकडं घालत होते.

ती म्हणाली, ''मॅडम, तेव्हा मी तुमच्यावर उगाच संशय घेतला, आठवलं की लय वाईट वाटतं. पण तुम्ही त्या दिवशी जे समजावलं ना, ते जन्माला पुरलं. आता घरी कुणी काही टाकून बोललं, हात उगारला, तरी मी आधी स्वतःलाच विचारते — हे खरंच झालं, का माझ्याच मनाचं हे? मग भांडणच होत नाही.'' आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, ''हिलापण तेच शिकवते.''

मुलगी माझ्याकडे बघत होती. बस लागली होती, पण अजून सुटायची होती. वेळ होता. एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो?

मी संगीताच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, ''छान. अशीच राहा.''