उजव्या हाताचं भविष्य

सकाळी झेंडू खुडता खुडता हे वाफ्यातच बसले. मला वाटलं, ऊन लागलं. जवळ गेले तर तोंड वाकडं झालेलं, आणि उजवा हात मातीत पडलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. दिरांनी फुलांच्या पिकअपमध्येच त्यांना नाशिकला दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

जीव वाचला. काही आठवड्यांनी एमआरआय झाला तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "सांडलेलं रक्त हळूहळू जिरेल. पण हाताला हुकूम नेणारे धागे याच जागेतून जातात, आणि ते तुटल्यासारखे दिसताहेत. वर्षभरात काठी घेऊन चालतील, थोडं बोलतीलही. हाताची आशा मात्र मला कमी दिसते."

"व्यायामानंही नाही?"

"व्यायाम सोडू नका. हात आखडणार नाही."

बाहेर बाकावर सासूबाई होत्या. "फोटोत काय निघालं गं?"

"रक्त जिरतंय म्हणाले."

"मग हात बी येईल."

मी फाईल पिशवीत घातली आणि औषधं आणायला गेले.

घरी आल्यावर यांनी हाताचा ध्यासच घेतला. ओट्यावर बसून डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून उघडायचे आणि वाट बघायचे. बोटं परत मिटायची. मग ते माझ्याकडे बघायचे, आणि मी काहीतरी काम काढून आत जायचे.

थोडे शब्द परतले, तसं पुढच्या तपासणीला त्यांनीच डॉक्टरांना विचारलं, "हात... कधी?" डॉक्टरांनी काही लपवलं नाही.

परतताना रिक्षा पंचवटीच्या गर्दीत अडकली. हे म्हणाले, "तुला... ठाऊक होतं?"

"हो."

"कवापासून?"

"एमआरआय झाला तेव्हापासून."

चिडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं तोंड रस्त्याकडे फिरवलं. त्यांचा तो हात माझ्याच बाजूला होता. मी धरला, पण त्यांना ते कळलं नसावं.

आता वर्ष उलटून गेलंय. काठी टेकत ते मळ्यापर्यंत जातात, मजुरांना दोन-चार शब्दांत काम सांगतात. सगळं डॉक्टर म्हणाले तसंच झालं. सासूबाई मात्र रोज त्या हाताला तेल चोळतात. परवा म्हणाल्या, "आज करंगळी हलली, बघ."

हे म्हणाले, "हलली, आई."