महालिंगचा दम

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही. देवापुढं बसूनही मनातल्या मनात पुरतं म्हटलं नाही. परवा ओळखीचे एक गृहस्थ आले, पुतण्याला बँडमध्ये घालायचंय म्हणाले. "नवशिक्यानं स्वस्तातला बाजा घ्यावा का हो?" साधा प्रश्न. जन्म वाजवण्यात गेलेला माणूस मी, उत्तर जिभेवर असायला हवं. मी उठलो, पाणी प्यालो, अंगणात येरझाऱ्या घातल्या — आणि नंतर सांगतो म्हणून त्यांना वाटेला लावलं. तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

निजामाचं राज्य होतं. सेलूत कापसाची पेठ जोरात, व्यापाऱ्यांकडची लग्नं जोरात, आणि त्या लग्नांत आमचा बँड. पलटणीतून निवृत्त झालेले एक उस्ताद तो चालवायचे. क्लारनेट वाजवणारा मी एकटाच. वरात निघाली की उस्तादांच्या शेजारी मी. लोक वळून माझ्याकडं बघायचे. एवढंच माझं वैभव — पण ते माझं होतं.

महालिंग माझा लहानपणापासूनचा मित्र. लिंगायताचा पोर, कापसाच्या जिनात कामाला. सरकी निघताना उडणारा कापूस नाकातोंडात जाऊन जिनातले सगळेच खोकायचे, तसा तोही खोकायचा. पण सोमवारी शंकराच्या देवळात भजनाला बसला की लोक पारावरच्या गप्पागोष्टी सोडून आत यायचे. असा गळा.

एकदा वरात थांबलेली असताना त्यानं गंमत म्हणून माझं क्लारनेट मागितलं. मी दिलं. बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं. मग अधूनमधून तो मागायचा, मी द्यायचो. आणि एक दिवस त्यानं त्यातून एक सूर काढला — कसं सांगू? मला तो तोवर सापडलाच नव्हता. उस्ताद विडी ओढत बसले होते, ते विडी विसरले. "इसकू खुद का बाजा ला दो," म्हणाले. "ये बजाएगा."

मी हसलो. मान डोलावली. आत काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल.

महालिंगनं जालन्याच्या जुन्या बाजारातून एक क्लारनेट आणलं. स्वस्तातलं, कुणाचं तरी वापरून टाकलेलं. सगळ्यांत आधी ते कुणाला दाखवलं? मला. मी ओठाला लावलं, आणि दोन फुंकरांत समजलं. मधला सांधा सुकून सैल झाला होता, भोकांवरच्या कातडी गाद्या नीट बसत नव्हत्या. हवा निसटत होती. फार मोठा बिघाड नव्हता. उस्तादांनी तसले किती तरी बाजे नीट केले होते.

महालिंग माझ्या तोंडाकडं बघत उभा होता.

मी म्हणालो, "बाजा चांगला हाय."

आता इथं मी थांबलो असतो तरी — पण नाही थांबलो. आठ-दहा दिवसांनी तो आला. खालचे सूर फाटतात म्हणाला. ओठ सुजले होते त्याचे. "किसन, बाज्यात तर काई न्हाई ना? उस्तादास्नी दाखवू का?"

"बाज्यात काय न्हाई," मी म्हणालो. "तुजाच दम कमी पडायलाय. उस्ताद हसतील. आधी दम कमव, मंग दाखव."

नवशिक्याला काय कळणार? खोट वाद्यात आहे की आपल्यात, हे त्याला सांगणारं दुसरंच कुणी असावं लागतं. ते मी होतो.

तो गावाबाहेर ओढ्याकाठी जाऊन फुंकत बसायचा. फुंकून फुंकून खोकला वाढला. मला दिसत होतं. मी दुसऱ्या रस्त्यानं जायला लागलो. आणि "महालिंगला दम पुरत न्हाई" हे माझं वाक्य — माझंच — जिनात गेलं, पेठेत गेलं. दम पुरत नाही, खोकतो. लोकांनी पुढचा शब्द आपणच जोडला. क्षय.

त्याची सोयरीक गंगाखेडला ठरली होती. मुलीचा मामा चौकशीला सेलूला आला, आणि पेठेत विचारत विचारत माझ्यापाशी पोचला. जिवलग मित्र म्हणून. "तुमी रोजचे सोबती. पोराच्या छातीत काई दोष हाय का?"

काय अवघड होतं त्यात? नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मग बाजा का वाजत नाही, हे निघालं असतं. उस्तादांपर्यंत गेलं असतं. मी मान खाली घातली. "दम जरा कमी हाय," म्हणालो.

सोयरीक मोडली. महालिंग माझ्याकडं आला, क्लारनेट माझ्या ओट्यावर ठेवलं. "तुज्याकडं राहू दे. मला न्हाई झेपायचं." माझ्यावर त्याचा काडीचाही संशय नव्हता.

पुढं उस्तादांच्या नजरेला ते पडलं. त्यांनी सांध्याला दोरा गुंडाळला, मेण लावलं, गाद्या बदलल्या. दुपारपर्यंत ते क्लारनेट माझ्या क्लारनेटाच्या तोडीचं वाजायला लागलं. "इत्ताच था," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "तू देखा था ना इसकू?"

"नै, उस्ताद," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण वरातीत माझ्याशी बोलणं त्यांनी कमी केलं ते कायमचं. महालिंग त्याआधीच जिन सोडून आईसोबत वऱ्हाडात मामाकडं गेला होता.

निजामाचं राज्य गेलं त्या साली तो मला पिंगळीच्या स्टेशनवर भेटला. मी एका लग्नाहून परतत होतो, तो नात्यातल्या कुणाला भेटून निघाला होता. अंगानं भरलेला, खोकल्याचं नाव नाही. त्यानंच मला ओळखलं, मिठी मारली. शेती करतो म्हणाला. लग्न उशिरा झालं, पण झालं. मी विचारलं — का विचारलं? — "भजन करतोस का अजून?"

"छे," तो हसत म्हणाला. "त्या बाज्यानं दाखवलं की माजं मला. छातीत दम न्हाई तर चारचौघांत कशाला गावं? मी आपला मागं बसून टाळ्या वाजवतो."

उस्ताद तोवर वारले होते. बँड माझ्या हातात होता. मला कुणाची भीती नव्हती, कुणाकडून काही मिळवायचं नव्हतं. गाडीला वेळ होता. फलाटावर आम्ही दोघंच होतो.

"असू दे," मी म्हणालो. "समद्यास्नीच कुठं जमतंय."

तो हो म्हणाला. गाडी आल्यावर आधी माझं सामान त्यानं वर चढवलं, मग स्वतः चढला, आणि माझ्यासाठी जागा करून खिडकीशी सरकून बसला. परभणीपर्यंत आम्ही शेजारी शेजारी होतो. तो वऱ्हाडातल्या जमिनीबद्दल बोलत होता, आणि मी ऐकत होतो.