दरवाज्याची हळद

काशीराम घरतच्या घरी जाताना पनवेलची जाणती माणसं हात खिशात घालून जातात. त्या घरात काय ओलं असेल याचा नेम नसतो. जिन्याचा कठडा, फाटक, पाण्याची मोटर, गॅसचा सिलिंडर, सासूबाईंची काठी आणि एकदा तर कुकरची शिट्टी. सगळं एकाच रंगाचं, युद्धनौकेच्या राखाडी रंगाचं, कारण कामावरून उरलेला रंग टाकून द्यायला काशीरामचं मन होत नाही. त्याच्या कोंबड्याची शेपटीही राखाडी आहे, पण ती त्याने रंगवलेली नाही. कोंबडा आपणहून फाटकाला टेकला. हे काशीराम येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो आणि कुणालाही ते पटत नाही.

त्याचं वर्कशॉप घराला लागूनच, तळोज्याच्या रस्त्यावर. तिथे नौदलाच्या जहाजांचे दरवाजे चौकटीसकट दुरुस्तीला येतात. जहाजाचा दरवाजा म्हणजे आपल्या न्हाणीघराचा नव्हे. त्याच्या चौकटीला चारी बाजूंनी लोखंडाची एक उभी धार असते आणि दरवाज्याच्या आतून रबराची पट्टी. दरवाजा लावून कड्या फिरवल्या की धार रबरात रुतते आणि पाणी बाहेरच राहतं. बाकी सगळ्या दरवाज्याला खुशाल रंग द्या, पण धारेला आणि रबराला रंगाचा थेंब चालत नाही. थेंब वाळला की उंचवटा होतो, उंचवट्याशेजारी फट राहते, आणि भर समुद्रात फटीतून येणाऱ्या पाण्याची समजूत काढता येत नाही. काशीरामला हे पाठ आहे. हातात ब्रश आला की मात्र तो विसरतो.

गेल्या खेपेला त्याने रबर रंगवलं. "काला होता, बरा दिसत नव्हता," एवढंच त्याचं म्हणणं. दरवाजा जहाजावर गेला, बंद झाला आणि उघडेना. दोन नौसैनिकांनी पाय लावून ओढला तेव्हा उघडला, पण रबर धारेलाच चिकटून राहिलं. त्यानंतर जहाजावरच्या लेफ्टनंट अनुया देवधर स्वतः पनवेलला आल्या.

"घरतकाका," त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात आमच्या जहाजाची तपासणी आहे. प्रत्येक पंप, प्रत्येक दरवाजा कुठल्या अवस्थेत आहे ते बघायला वरचे लोक येणार. या वेळी जर धारेला रंग लागला, तर तुमच्याकडचं काम दुसरीकडे जाईल. मला वाईट वाटेल, पण जाईल."

या तपासणीचं नाव मटेरियल कंडिशन इन्स्पेक्शन. आता पनवेल-उरणात मटेरियल म्हणजे रेती, खडी आणि विटा. त्यामुळे गावात बातमी पसरली ती अशी, की काशीरामच्या मटेरियलवर धाड पडणार आहे. एक बिल्डर येऊन काळजीने विचारपूस करून गेला. दुसऱ्याने माल लपवायला जासईजवळ जागा देऊ केली. काशीरामने त्याला दरवाजा दाखवला, तर तो म्हणाला, "बरोबर हाय, याच्याच मागं ठेवायचा."

निशाला, म्हणजे काशीरामच्या बायकोला, हसू आलं नाही. नौदलाचं काम गेलं की वर्कशॉपला टाळं. वेल्डर शाहीदला दुसरीकडे काम मिळालं असतं, पण काशीरामला दरवाज्यांपलीकडे काही येत नाही. तो दिवसभर घरी बसला असता, आणि घरातल्या वस्तू संपल्यावर तो घरातल्या माणसांना रंगवायला घेईल अशी तिला खरोखरच धास्ती होती. तिने एक दिवस रंगाचे डबे, ब्रश, टर्पेंटाइन, सगळं उचलून लोखंडी कपाटात कोंबलं. खडूचा पुडाही कोंबला.

"अगं, खडू दरवाजा तपासाला लागतो," काशीराम म्हणाला.

"पांढरा असला म्हून काय झाला, तो पन रंगच," निशा म्हणाली आणि किल्ली पदराला बांधून टाकली.

शाहीदने चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात वेल्डिंग केलं आणि धार घासून घासून अशी लखलखीत केली की तिच्यात तोंड दिसावं. काशीरामला ते बघवेना. हा माणूस रंगाच्या नादाला का लागला हे गावात कुणी कधी विचारलं नाही, वेडा म्हणून सोडून दिला. त्याच्या बापाचं मिठागर होतं. मिठागराच्या घरात लोखंड टिकत नाही. कुलूप, कंदील, बापाची सायकल, आईची पत्र्याची पेटी, सगळं मिठाने त्याच्या डोळ्यांदेखत खाल्लं. पेटीचा तळ गळून आईचं लग्नातलं लुगडं चिखलात पडलं तेव्हा आई रडली होती, आणि ते रडणं काशीरामच्या कानातून आजतागायत गेलेलं नाही. ज्या लोखंडाला रंग नाही ते त्याच्या लेखी उघडं पोर. आणि इथे तर अख्खी धार उघडी, आणि ती खाऱ्या पाण्यात जायची.

दुपारी शाहीद नमाजाला गेला होता. काशीराम धारेवरून डोळे फिरवत खाली गेला आणि खालच्या कोपऱ्यात त्याला तांबूस ठिपका दिसला. तीळभर. तो रंग आणायला घरात धावला. कपाटाला कुलूप होतं. दिवाणावर मात्र पुतणीची, अंकिताची, लग्नाच्या नट्ट्यापट्ट्याची पिशवी पडलेली होती, कारण उद्या तिची हळद होती. पिशवीत नेलपॉलिशच्या बाटल्या होत्या. लाल त्याने बाजूला ठेवली. गुलाबी ठेवली. शेवटी एक बिनरंगाची सापडली, पाण्यासारखी. टोपणालाच इवलासा ब्रश होता. रंग नाही म्हणजे रंग लागला असंही नाही, असा विचार करून त्याने ठिपक्यावर ब्रशचा एक हात मारला, मग त्यावर दुसरा, आणि मग समाधानाने झोपला.

दुसऱ्या दिवशी अंगणात हळद. आमच्याकडे लग्नाला एक वेळ माणूस येणार नाही, हळदीला आल्याशिवाय राहत नाही. बेंजोवाले जोरात होते, बायका पिवळ्या साड्यांत होत्या, जो दिसेल त्याच्या गालाला हळद लागत होती. आणि बरोबर त्याच वेळेला फाटकातून अनुया मॅडम आत आल्या, पांढऱ्याशुभ्र गणवेशात. दरवाजा वर्कशॉपच्या तोंडाशी, अंगणालगतच उभा होता, आणि तपासणीआधी त्यांना तो एकदा बघून घ्यायचा होता. शाहीद दोन्ही हात पसरून त्यांच्यापुढे उभा राहिला, म्हणून गणवेश वाचला. नाक वाचलं नाही.

"खडू आणा," मॅडम पिवळ्या नाकाने म्हणाल्या. धारेला खडू चोळायचा, दरवाजा लावायचा, उघडायचा, आणि रबरावर रेघ अखंड उमटली की दरवाजा पास. सोपं काम. निशाने पदराला हात घातला आणि तिचा चेहरा पडला. किल्ली कालच्या साडीच्या पदराला होती, आणि कालची साडी पाहुण्यांच्या साड्यांच्या ढिगात कुठेतरी गेली होती. ती धावत घरात गेली आणि किल्लीच्या ऐवजी वाटी घेऊन आली.

"हलद चालंल का, मॅडम? अजून तेल नाय घातला."

मॅडमनी वाटीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "रेघच उमटायची आहे ना," त्या म्हणाल्या. "लावा."

निशाने धारेला हळद लावली, चारी बाजूंनी, नवरीला लावतात तशीच हलक्या हाताने. दोन म्हाताऱ्यांना हे बघून राहवलं नाही, त्यांनी दरवाज्यासाठी गाणंही म्हटलं. शाहीदने दरवाजा लावला, कड्या फिरवल्या, उघडला. काळ्या रबरावर पिवळीधमक रेघ. वर अखंड, बाजूंना अखंड. खालच्या कोपऱ्यात तुटलेली.

मॅडमनी कोपऱ्यावर टॉर्च मारला. धार लखलखीत, रंगाचा मागमूस नाही. "वेल्डिंग इथेच केलं होतं का?" त्यांनी शाहीदला विचारलं.

"जी मॅडम. पण मी बराबर घासलं होतं. अल्ला जाने कसं झालं."

"वेल्डिंगमुळे धार वाकली असणार. म्हणजे चौकटच गेली." त्या शाहीदवर रागावल्या नाहीत. शाहीद खाली बसून ती जागा बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपू लागला. कोपरा त्याला गुळगुळीत लागत होता, लागणारच.

काशीराम बघत होता. बोललो तर काम गेलं, मॅडमनी तसं सांगितलंच होतं. नाही बोललो तर हा भला माणूस आपलंच वेल्डिंग बिघडलं म्हणून मान खाली घालून घरी जाणार. काशीरामला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने एक पाऊल पुढे टाकून बोलायला तोंड उघडलं, आणि नेमका बेंजो थांबला.

"वेल्डिंग चांगला हाय, मॅडम. तिथं नेलपॉलिश हाय."

सगळ्या अंगणाने ऐकलं. निशाने विचारलं, "कुनाची?"

"अंकीची."

"माझी?" अंकिता पाटावरून म्हणाली. "काका, कुठली?"

"बिनरंगाची." तो मॅडमकडे वळला. "गंजाचा ठिपका दिसला. मीठ कसा खातो तुमाला ठाव नाय, मॅडम. आमच्या घरात कायच राहला नाय. मना ती उघडी सोडवली नाय."

मॅडमनी टॉर्च विझवला. मग त्यांनी अंकिताला विचारलं, "रिमूव्हर आहे?" होता. कापसाचा बोळा घेऊन काशीरामने स्वतःच्या हाताने ते पुसलं, शाहीदने तीळभर गंज घासून काढला, निशाने पुन्हा हळद लावली. या वेळी रेघ अशी उमटली की सुरुवात कुठे आणि शेवट कुठे ते सापडेना. म्हाताऱ्यांनी गाणं पहिल्यापासून धरलं.

"काम गेलं ना, मॅडम?" काशीरामने विचारलं.

"रंग लागला तर जाईल, असं म्हटलं होतं मी," मॅडम कागदाने नाक पुसत म्हणाल्या. नाक पिवळंच राहिलं. "बिनरंगाचं काही बोलले नव्हते. पुढच्या वेळी बोलेन."

लग्न झालं, अंकिता सासरी गेली, तपासणीचा दिवसही येऊन गेला. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. दरवाजा पास झाला होता. रबरावरची पिवळी रेघ साबणानेही गेली नव्हती, आणि तपासणीच्या साहेबांनी ही कसली खूण म्हणून विचारलं होतं. "मी सांगितलं, पनवेलची पद्धत आहे," मॅडम म्हणाल्या.

काशीरामला दुसरंच विचारायचं होतं. "धारेला गंज नाय ना चढला?"

"नाही. एका नौसैनिकाला कामच दिलंय. रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसतो."

"रोज?"

"रोज."

काशीरामने फोन ठेवला आणि डोळे पुसले. बापाची सायकल रोज पुसायला कुणाला सवड झाली नव्हती. निशाने ते पाहिलं. ती उठून आत गेली, एव्हाना सापडलेली कपाटाची किल्ली घेऊन आली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"घ्या. आता तुमचा तुमीच सांभाला."

इतका विश्वास तिने त्याच्यावर लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच टाकला होता. काशीराम किल्ली कितीतरी वेळ हातात घेऊन बसला. बारकीशी, लोखंडी, कडेला जरा तांबूस. ही तरी जपायलाच हवी, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने कपाट उघडलं, काम उरकलं, कपाटाचं कुलूप पुन्हा नीट दाबून लावलं.

निशा दिवा लावायला आली तेव्हा किल्ली खिडकीत वाळत होती, दोन्ही बाजूंनी, दातांसकट राखाडी. ते कुलूप अजून उघडलेलं नाही.