कुंकू लागलेली नोट

आश्लेषाच्या गाडीचे ब्रेक करकरतात. शिकागोत बर्फ सुरू झालाय आणि आमची लेक त्याच खटाऱ्यातून उद्या सकाळी आयोवाला निघणार आहे, तिच्या गिऱ्हाईक डोरथी आजींनी पारखायला दिलेली जुनी नोट परत द्यायला. मला झोप कशी यावी?

ती जुन्या नोटा पारखते. पूर्वी इथल्या गावोगावच्या बँका आपापल्या नावाच्या नोटा काढत. त्या ओळखून किंमत सांगायची, हा तिचा धंदा. नोट पाचची की वीसची, हे ती शेवटी बघते. आधी गाव, मग बँकेचा नंबर, मग खालच्या सह्या. गाव लहान आणि उरलेल्या नोटा थोड्या, की भाव चढला. तिच्यासाठी स्थळं बघताना आम्हीही आधी गाव आणि घराणंच विचारतो, पण ते तिला मागासलेलं वाटतं. शंभर वर्षांपूर्वीच्या कॅशियरची सही ओळखणाऱ्या या बाईला गाडीची किल्ली मात्र रोज मी शोधून द्यायची!

आजींच्या नोटेवर त्यांच्या कॅशियर आजोबांची सही आहे. लक्ष्मीपूजनाला आश्लेषाच्या बाबांनी, रवींद्रनं, ती टेबलावरून उचलून भक्तिभावानं चौरंगावर मांडली आणि ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं.

"बाबा! व्हॉट डिड यू डू?"

"अगं, लाल शिक्क्याची नोट महाग असते, तूच म्हणालीस ना? घे, झाली लाल!"

ती हसली. बाबा खुशीत पुण्याला बहिणीकडे गेले. मग मला म्हणाली, "आई, किंमत निम्म्यावर आली. डोन्ट टेल हिम, त्यांना वाईट वाटेल."

"गुलाबपाण्यानं हलकेच पुसू का?"

"आई, प्लीज! धुतलेल्या नोटेचा भाव आणखी पडतो."

"मग बँकेचाच डाग म्हण. आजींना काय कळतंय?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खोटी नोट.

आजींना ती खरं ते सांगणार आणि तूट स्वतः भरणार. कशातून? नव्या गाडीसाठी साठवलेल्या पैशांतून. लेकीचा अभिमान आहेच मला, पण तो ब्रेकच्या जागी बसवता येत नाही.

सांगू नकोस म्हणाली खरं. पण कुंकू ज्यानं लावलं, त्यानं दक्षिणाही द्यावी. पुण्यात आता दुपार. महाशय जेवून आडवे झाले असतील. असू देत. लावतेच फोन.