गार हाताचा अंदाज

भिंतीवरचं तापमापक नऊ अंश दाखवत होतं आणि आमचा घोडा अंग आखडून उभा होता. पर्यटकांना पठारावर फिरवण्यात त्याचं वय गेलं. आता अंगावरचे केस विरळ झाले आहेत, थंडी सोसत नाही. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून त्याचं सगळं माझ्याकडे आहे. मी पेंढा वाढवला, पाणी कोमट करून पाजलं, पाठीवर गोधडी टाकली. तेवढ्यात तिचा फोन आला.

"कानाला हात लावलात का?"

"तो तर लग्न झाल्यापासून लावतोय."

"तुमच्या नव्हे, घोड्याच्या!"

मी लावला. "उबदार आहे."

"आत्ताच बादली विसळली असेल. गार हाताला सगळंच उबदार लागतं. आधी हात काखेत धरा, मग सांगा."

मी एक हात काखेत धरून उभा राहिलो. एकट्यापुरता स्वयंपाक जमतो, झोप लागते, असं मी तिला रोज सांगतो आणि मला ते खरंही वाटतं. पण आपलाच हात गारठलेला असेल, तर माणसाने ऊब ताडून पाहायची तरी कशाशी?

हात तापल्यावर पुन्हा कान धरला. बर्फासारखा होता.

"कान गार आहे गं."

"मग माझी गोधडी घाला त्याच्यावर. आणि तुम्ही कसे आहात?"

रोजचं उत्तर ओठांवर आलं होतं. ते तसंच ठेवून मी म्हणालो, "लवकर ये."