तिघांतला धाकटा

छावणीजवळच्या कॉलेजात मी वीस वर्षं इंग्रजी शिकवतो. चारशे वर्षांपूर्वीच्या नाटकातला तो राजपुत्र, जगायचं की संपवायचं, असं एकटाच स्वतःशी बोलतो, ते स्वगत मला तोंडपाठ आहे. त्याचा मला माजही होता.

त्या रविवारी वर्गात दाखवायला म्हणून तीन वेगवेगळ्या सिनेमांतलं तेच स्वगत मी लॅपटॉपवर लावून बसलो होतो. शेजारी आबा, माझे वडील. हृदयाच्या ऑपरेशनसाठी त्यांना आणि आईला गंगापूरहून आणलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, उशीर नको. आबा आठ दिवस एकच म्हणत होते, "बघू." परवा गावाकडं चक्कर मारायला निघाले, तर उंबऱ्यातून चक्क "जातो" म्हणाले. आई जागच्या जागी थिजली. आमच्याकडं निघताना कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो"च म्हणतात.

तिन्ही तुकडे संपले. इंग्रजीचं अक्षरही न कळणाऱ्या आबांनी विचारलं, "तिघं भाऊ का हे?"

मला हसू आलं. "एकच माणूस आहे आबा. नट वेगळे."

"नाय. थोरला बोंबलतोय, गल्लीला ऐकू जावं म्हणून. त्याला काय होत नाय. मधला लई रडतोय, कुणीतरी जवळ यावं म्हणून. त्यो बी वाचंल." मग तिसऱ्यावर बोट ठेवलं. हा नट शर्टाचं बटण लावत, हवापाण्याचं बोलावं तसं बोलत होता. मी त्याला मनातल्या मनात कधीच नापास केलं होतं. आबा म्हणाले, "ह्या धाकट्याला एकटं सोडू नका. ह्याचं ठरलंय."

मी तो तुकडा पुन्हा लावला, आणि खरंच, त्या माणसाची नजर कशावरच थांबत नव्हती. वीस वर्षं मी शब्द ऐकत आलो होतो. माणूस आज दिसला. आबांपुढं मी पार बिगरीतला पोरगा झालो. पाठोपाठ भीती वाटली. आबांना हे इतकं बरोबर कसं कळलं?

"आबा, तुम्ही कितवे?"

ते बराच वेळ स्वतःच्या सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत राहिले.

"कुणी इचारंल असं वाटलं नव्हतं," म्हणाले. "लाव डॉक्टरला फोन."

बुधवारी दवाखान्यात निघताना आई दारात उभी होती. आबांनी चपला घातल्या, उंबऱ्यातून मागं वळले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "येतो गं!"