हिरवं लुगडं आणि सहाची सुई

नीलव्वानं घड्याळ गिळलंय, असं इलकलच्या त्या गल्लीतली पोरंसोरंही सांगायची. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झाली, ती काढून धातूची बसवली, आणि ती टिकटिक वाजायची. सासू गंगव्वा रोज सकाळी कुरकुरायची, "रातभर वाजत होतीस बाई. डोळ्याला डोळा लागू दिला नाहीस."

या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून एरवी गोळी असायची. दिवस गेले तशी डॉक्टरांनी बाळासाठी गोळी बंद केली आणि पोटाच्या कातडीखाली घ्यायची सुई दिली. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर सावंत्रव्वांनी तिच्याच हातानं करवून घेतलं. बेंबीपासून चार बोटं लांब, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, कातडी चिमटीत धरून. "वर चोळायचं नाही. चुकवायची नाही. चुकलीच तर मला फोन कर, दोन एकदम घेऊ नकोस." सगळं नीट सांगितलं. फक्त तू दिवसभर कुठं बसतेस, हे कुणी विचारलं नाही, आणि या शहाणीनंही सांगितलं नाही.

ती बसायची खड्डामागावर. पाय खड्ड्यात, पाठीशी भिंत, आणि पोटाशी कापड गुंडाळायचा लाकडी रूळ. त्या घरात सातव्या महिन्यातल्या ओटीभरणाला सून स्वतः विणलेलं हिरवं लुगडं नेसायची. गंगव्वा नेसली होती, तिची सासू नेसली होती. नीलव्वाचं पोट रोज पुढं येत होतं, पण रूळ काही मागं सरत नव्हता. सुई टोचलेली जागा दिवसभर त्याच्यावर दाबली जायची.

पोट काळंनिळं पडलं. एका जागी लिंबाएवढी गाठ आली. गंगव्वानं ती पाहिली आणि मायेनं कोमट एरंडेल चोळलं. गाठ आणखी वाढली.

"सुई पोराला लागतीय बघ," ती म्हणाली. "गाठ बसेपर्यंत बंद कर."

"अत्ती," नीलव्वा सासूला म्हणाली, "चुकवायची नाही म्हणालेत."

"म्हणणाऱ्यांना नातू होणाराय का?"

रूळ लागतो म्हणावं, तर लुगडं अडतं. सुई घ्यावी, तर सासू पदर डोळ्याला लावते. नवऱ्याला सांगावं, तर तो आईकडे बघतो. नीलव्वाचा जीव नुसता कोंडून गेला होता. गाठ जरा बसू दे, मग घेते, असं म्हणत तिनं पाच सुया डब्यातच ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी मागावर बसल्या बसल्या तिला दम लागला. धोटा हातातून सुटला. तिनं छातीवर हात ठेवला.

"अहो, तुमचा माग थांबवा जरा."

शेजारच्या मागावरचा तिचा नवरा संगप्पा थांबला. पण गल्लीभर मागांची खडखड चालूच होती.

"अत्ती, वाजतंय का बघा ना. मला ऐकू येत नाही."

गंगव्वानं खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून कान लावला. मग ती तरातरा उंबऱ्याबाहेर गेली.

"थांबवा रे! सगळे माग थांबवा!"

एकेक करत चाळीस माग बंद पडले. एवढी शांत गल्ली नीलव्वानं कधी ऐकली नव्हती. गंगव्वानं पुन्हा कान लावला. पूर्वी खोलीभर ऐकू येणारी टिकटिक आता गोधडीखाली दडपल्यासारखी, कशीबशी लागत होती.

संगप्पानं फोन लावला. डबा बघून त्यानं "पाच" म्हटलं, तशा सावंत्रव्वा म्हणाल्या, "आता घरी एकही टोचू नका. डबा घ्या आणि तडक मोठ्या दवाखान्यात न्या. या क्षणी निघा."

नीलव्वाला उठता येईना. पोट रुळाला अडलं होतं. गंगव्वानं कात्री घेतली, मागावरचं हिरवं लुगडं अर्ध्यातच कापलं आणि रूळ उपसून बाजूला टाकला.

जीपमध्ये ती सुनेच्या छातीला कान लावूनच बसली.

"वाज की गं बाई," ती म्हणत होती. "माझी झोप मोड. रोज मोड."